सांगितलं नाही, कारण तुम्ही चिडला असता

"गोळ्या नियमित चालू आहेत ना?" या प्रश्नाला कुठल्याही दवाखान्यात एकच उत्तर मिळतं. हो. बहुतेकदा तर नुसती मान हलते. विचारणाऱ्यालाही ते उत्तर कितपत धरायचं हे ठाऊक असतं. माझी थोरली बहीण डॉक्टर आहे. ती म्हणते, "त्या उत्तरातून मी मनातल्या मनात आठवड्याच्या दोन गोळ्या वजा करते आणि पुढे जाते."

हे खोटं जुनंच आहे. गोळी विसरली, संपली, आणायची राहिली, आणि तसं सांगायला ओशाळं वाटतं म्हणून मान हलली. असं खोटं बोलणारा माणूस मनातून डॉक्टरांच्याच बाजूचा असतो. गोळी घ्यायला हवी होती हे त्यालाही पटलेलं असतं. गेल्या काही वर्षांत मात्र त्या मान हलवण्यामागे दुसरंच काहीतरी असू लागलंय. गोळी विसरलेली नसते, ठरवून बंद केलेली असते. कुठेतरी काहीतरी पाहिलेलं असतं, कुणीतरी पाठवलेलं असतं, ते पटलेलं असतं. आणि हे डॉक्टरांच्या कानावर घालायचं नाही, हेही त्याच वेळी ठरलेलं असतं.

इंटरनेटवरच्या आरोग्यविषयक खोट्या माहितीची चर्चा निघाली की आपण काय काय खोटं पसरलंय याची यादी करायला बसतो. मला त्या यादीपेक्षा या ठरवून गप्प बसण्याची धास्ती जास्त वाटते. चुकीची समजूत कुणी बोलून दाखवली तर तिचं काहीतरी करता येतं. ती पोटातच राहिली, तर डॉक्टर उपचार करत राहतात आणि आपण नेमके कशावर उपचार करतोय हेच त्यांना माहीत नसतं.

अमेरिकेत साडेचार हजारांहून जास्त लोकांना विचारून केलेलं एक सर्वेक्षण 2018 मध्ये 'जामा नेटवर्क ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. डॉक्टरांपासून महत्त्वाची गोष्ट लपवल्याचं 60 ते 80 टक्के लोकांनी मान्य केलं होतं. सगळ्यात जास्त काय लपवलं गेलं, तर 'डॉक्टरांचं म्हणणं मला पटलं नव्हतं' आणि 'त्यांनी सांगितलेलं मला समजलं नव्हतं' या दोन गोष्टी. कारण विचारल्यावर पुष्कळांनी सांगितलं की, बोलणी खायची नव्हती आणि आपल्याबद्दल वाईट मत व्हायला नको होतं. म्हणजे सत्तरीला टेकलेली, नातवंडं असलेली माणसंसुद्धा तपासणीच्या खोलीत शाळेतल्या पोरासारखी बसतात. ताईच्या रुग्णांबद्दल ऐकताना हे मला अनेकदा जाणवलंय.

तिच्याकडच्या गोष्टी मी नावगाव गाळूनच ऐकत आलेय, आणि इथेही तशाच सांगतेय. बीपीचा एक रुग्ण होता. एका गोळीवर व्यवस्थित चाललं होतं. मग एका व्हिडिओत त्याच्या ऐकण्यात आलं की या गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत आणि शेवटी किडनी खातात. (खरं याच्या उलट आहे. किडनी निकामी होण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे ताब्यात न ठेवलेलं बीपी.) त्याने गोळी बंद केली. पुढच्या खेपेला बीपी चढलेलं. गोळ्या चालू आहेत ना? हो. ताईने डोस वाढवला. पुन्हा तेच. दुसरी गोळी जोडली, मग तिसरी. तीन औषधं पूर्ण मात्रेत देऊनही, त्यातलं एक लघवीवाटे पाणी काढणारं असूनही, बीपी उतरत नसेल तर वैद्यकाच्या भाषेत तो रक्तदाब औषधाला दाद न देणारा ठरतो, आणि मग त्यामागचं कारण शोधण्याची मोहीम सुरू होते. किडनीच्या रक्तवाहिन्या तपासा, हार्मोन तपासा. सगळं तपासून झालं. काही सापडलं नाही. सापडणार कुठून?

मग तो माणूस भलत्याच कारणासाठी रुग्णालयात भरती झाला. वॉर्डातल्या नर्सने केसपेपरवर लिहिलेल्या तिन्ही गोळ्या हातात पाणी देऊन, समोर उभं राहून दिल्या. तिचं कामच ते. दुपारी बाथरूमकडे जाताना माणूस कोसळला. बीपी पार खाली गेलेलं. जे औषध त्याच्या शरीराने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं, त्याचा तिप्पट मारा एका सकाळी झाला होता.

यातलं मला सगळ्यात चटका लावणारं काय, तर नातेवाइकांनी काढलेला निष्कर्ष. त्यांच्या दृष्टीने व्हिडिओतला माणूस खरा ठरला होता. बघा, गोळ्या घेतल्या आणि जीव जाता जाता वाचला! ताईने समजावून सांगितलं, पण आता तिच्या बोलण्याला सारवासारवीचा वास यायला लागला होता. आणि ती चिडली होती, हेही खरं. "इतके दिवस मी कुणाचं बीपी मोजत होते? ज्या माणसाला मी तपासत होते, तो तिथे नव्हताच!"

असे रुग्ण इतके आहेत की वैद्यकात त्यांच्यासाठी वेगळा खाना आहे: वरवर पाहता दाद न देणारा रक्तदाब, प्रत्यक्षात न घेतलेलं औषध. काही ठिकाणी आता लघवीत औषधाचा अंश आहे का ते तपासून याची खातरजमा करतात. तपासणी उपयोगी आहे, त्यात वाद नाही. पण डॉक्टरने रुग्णाच्या शब्दावर विश्वास न ठेवता त्याच्या लघवीवर ठेवावा, इथवर हे नातं आलंय याचं मला वाईट वाटतं.

बीपीच्या बाबतीत निदान दोघांनाही गोळी नावाची वस्तू दिसत तरी असते. काही वेळा लपवणाऱ्यालाच आपण काही लपवतोय याचा पत्ता नसतो. बायोटिनचं उदाहरण घ्या. हे एक ब जीवनसत्त्व. केस दाट होतात, नखं मजबूत होतात म्हणून इंटरनेटवर त्याचा उदोउदो चालतो, आणि शरीराच्या रोजच्या गरजेच्या कितीतरी पट मात्रेच्या गोळ्या त्यासाठी विकल्या जातात. आता गंमत अशी की रक्ततपासणीच्या अनेक यंत्रांमधली रासायनिक पद्धत बायोटिनच्याच आधाराने चालते. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असलं की यंत्र फसतं. थायरॉईड उत्तम असलेल्या माणसाचा रिपोर्ट थायरॉईड वाढल्याचा येऊ शकतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन वाढतं, ते प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यात अशा चुकीच्या कमी ट्रोपोनिनमुळे झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख होता.

मी स्वतः थायरॉईडची गोळी घेते, त्यामुळे हे वाचताना पोटात गोळा आला. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषधं?", तर बायोटिन घेणाऱ्या दहातल्या नऊ जणी "नाही" म्हणतील असं मी पैजेवर सांगते. ते औषध थोडंच आहे? ते तर व्हिटॅमिन. शिवाय ते या डॉक्टरांनी दिलेलं नाही, दुसऱ्याच कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेलं आहे, आणि ते सांगितलं तर कपाळावर आठी येईल.

ती आठी पाहिली नाही असा रुग्ण विरळा. 'तुमचं गुगल आणि माझी डिग्री यांत गल्लत करू नका' अशा अर्थाच्या पाट्या आणि कप इंग्रजीत सर्रास मिळतात. ज्याने तो विनोद केला त्याचा वैताग मला कळतो. पण रुग्णाच्या खुर्चीतून तो वाचला की त्याचा अर्थ सरळ निघतो: इथे वाचलेलं बोलायचं नाही. वाचायचं नाही असा अर्थ मात्र कुणी काढत नाही! वाचणं चालूच राहतं, फक्त बोलणं बंद होतं. असा दम देऊन डॉक्टरने नेमकं काय मिळवलं? त्याच्या खोलीपुरती शांतता.

वेळेचा मुद्दाही आहेच. 1984 मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या दोन संशोधकांनी डॉक्टर-रुग्णांचं संभाषण ऐकून मोजलं, तर रुग्ण बोलायला लागल्यापासून सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला थांबवत होते. पुढे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तशाच एका अभ्यासात मधला आकडा 11 सेकंदांचा निघाला. आणि न अडवता बोलू दिलं तर रुग्ण किती वेळ बोलतो? स्वित्झर्लंडमध्ये 2002 साली हेही मोजलं गेलं. सरासरी 92 सेकंद. दर पाचातल्या जवळपास चौघांचं सगळं म्हणणं दोन मिनिटांच्या आत संपलं होतं. पण दोन मिनिटं म्हणजे काय, हे कुठे बसलोय त्यावर ठरतं. 2017 मध्ये 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार, जगातली निम्मी लोकसंख्या ज्या देशांत राहते तिथे प्राथमिक तपासणीला डॉक्टरकडून मिळणारा सरासरी वेळ पाच मिनिटं किंवा त्याहून कमी आहे. मग ताई दोन मिनिटं नुसती ऐकण्यात कशी घालवणार, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "घालवते. पण मग पुढच्याला तीनच मिनिटं राहतात."

पडद्यावरच्या माणसाला ही अडचण नाही. त्याच्याकडे चाळीस मिनिटं आहेत. तो शांतपणे बोलतो, हसतो, तुमच्या दुखण्याचं नाव घेतो, "तुम्हाला सगळ्यांनी सांगितलं असेल की हे मनाचे खेळ आहेत, पण मी तुम्हाला सांगतो, तसं नाही," असं म्हणतो. रात्री दोन वाजता झोप उडाल्यावरही तो तिथे असतो. मला थायरॉईडचं निदान झालं त्या आठवड्यापासून माझा फोन अशा सज्जनांनी भरून गेला. मी त्यातले बरेच पाहिले. काहींचं सांगणं साफ खोटं होतं, काहींचं अर्धवट, आणि काही चक्क चांगले होते. पण जवळजवळ सगळ्या खोट्या व्हिडिओंमध्ये एक वाक्य होतं, आणि ते इतकं ठरावीक जागी येतं की मी त्याची वाट बघायला लागले: "हे तुमचे डॉक्टर तुम्हाला कधीच सांगणार नाहीत."

या वाक्याची करामत पाहण्यासारखी आहे. त्यात रोगाबद्दल एक अक्षर नाही, तरी सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. बाकीच्या दाव्यांचं खंडन करता येतं. थायरॉईडची गोळी हाडं पोखरते म्हणालात, तर मात्रा योग्य असेल तेव्हा तसं होत नाही, मात्रा फार वाढली तर तो धोका असतो आणि म्हणूनच अधूनमधून रक्त तपासतात, असं सांगता येतं. पण 'डॉक्टर सांगणार नाहीत' याचं खंडन कोण करणार? डॉक्टरच ना? डॉक्टरांनी "हे चूक आहे" म्हटलं, की वाक्य खरं ठरलं. गप्प राहिले तरी खरं ठरलं. चिडले तर दुप्पट खरं ठरलं. रुग्ण दारातून आत यायच्या आधीच डॉक्टरांच्या प्रत्येक प्रतिक्रियेचा अर्थ लावून ठेवलेला असतो. आणि त्याच व्हिडिओच्या खाली, हे कुणीच सांगत नसलेलं गुपित ज्या पुडीत किंवा बाटलीत आहे तिची विक्रीची लिंक असते. डॉक्टरांचं कंपन्यांशी साटंलोटं आहे असं म्हणणाऱ्याचं स्वतःचं दुकान चार बोटं खाली उघडं असतं, आणि ते कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

खोटं जास्त धावतं हे मोजून झालंय. ट्विटरवरच्या सुमारे सव्वा लाख बातम्यांचा माग काढणारा अभ्यास 2018 मध्ये 'सायन्स'मध्ये आला. त्यात खऱ्या गोष्टीला दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला खोट्या गोष्टीच्या सहापट वेळ लागत होता, आणि खोटं पसरवण्यात आपोआप चालणाऱ्या खात्यांपेक्षा माणसांचाच हात मोठा होता. कर्करोगावरच्या समाजमाध्यमांतल्या सर्वाधिक लोकप्रिय 200 लेखांची तज्ज्ञांनी तपासणी केली, तीही 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. जवळजवळ एक तृतीयांश लेखांत चुकीची माहिती होती आणि अशा लेखांना प्रतिसाद इतरांपेक्षा जास्त होता.

हे सगळं मान्य करूनही मला 'लोक मूर्ख आहेत' या निष्कर्षावर यायचं नाही. ताईच्या मित्रमंडळींत हा निष्कर्ष फार लवकर निघतो. वैद्यकाने अविश्वासाला स्वतः पुरेशी कारणं दिलेली आहेत. थॅलिडोमाईड 1957 मध्ये बाजारात आलं, गरोदरपणातल्या मळमळीवर निर्धोक म्हणून दिलं गेलं, आणि 1961 च्या अखेरीस ते मागे घ्यायची पाळी येईपर्यंत जगभरात हजारो मुलं हातापायांच्या व्यंगासह जन्मली. अमेरिकेतल्या टस्कीगीमध्ये 1932 पासून 1972 पर्यंत सरकारी आरोग्यसेवेने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता बघत ठेवला, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही. हे कुठल्या फॉरवर्डमधलं नाही, खरं आहे. तान्ह्या बाळांना पालथं निजवा असं सांगितलं जात होतं, मग ते धोक्याचं आहे हे लक्षात आलं आणि 1990 च्या दशकात उताणं निजवण्याच्या मोहिमा निघाल्या. रजोनिवृत्तीनंतरची हार्मोन्स आधी सगळ्यांना चांगली होती, 2002 मध्ये अमेरिकेतली मोठी चाचणी मध्येच थांबवल्यावर एकदम वाईट झाली, आणि आता वय आणि प्रकृती पाहून पुन्हा काहींना चांगली आहेत. आतून पाहणाऱ्याला हे शास्त्राचं सुधारत जाणं दिसतं. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं की, यांचंच एक धड नाही.

लस आणि स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) तो कुप्रसिद्ध संबंधही कुणा घरबसल्या महाभागाने जोडलेला नव्हता. 1998 मध्ये 'लॅन्सेट'सारख्या नामांकित नियतकालिकात, अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरच्या सहीने, अवघ्या 12 मुलांच्या निरीक्षणावर तो छापला गेला. लसउत्पादकांवर दावा लावणाऱ्या वकिलाकडून त्याला पैसे मिळत होते हे ब्रायन डीअर या पत्रकाराने पुढे उघड केलं. नियतकालिकाने लेख मागे घेतला 2010 मध्ये. बारा वर्षं! तोवर तो लेख न वाचलेल्या आईबापांच्याही मनात त्याने घर केलं होतं. ताईला मी हे मुद्दाम ऐकवते. तुमच्याच घरातून निघालेलं खोटं बाहेर फिरतंय आणि तुम्ही रुग्णाला विचारता, हे कुठून ऐकलंत?

खोटं विकणाऱ्यांना तर अशा इतिहासाची भारी हौस. त्यातही बॅरी मार्शल त्यांचा लाडका. पोटातल्या अल्सरमागे जीवाणू असतो हे कुणी मानेना म्हणून 1984 मध्ये त्याने स्वतःच ते जीवाणू पिऊन आजार ओढवून घेतला, आणि 2005 मध्ये त्याला रॉबिन वॉरनबरोबर नोबेल मिळालं. बघा, त्यालाही वेड्यात काढलं होतं! हो, काढलं होतं. पण त्याने पुढे काय केलं? जीवाणू वाढवून दाखवले, प्रतिजैविकांनी अल्सर बरा होतो याच्या रीतसर चाचण्या झाल्या, इतरांनी त्या करून पाहिल्या. तो जिंकला तो त्याच वैद्यकाच्या आखाड्यात. बाटल्या विकणारे त्या आखाड्याकडे फिरकत नाहीत, त्यांना फक्त वेड्यात काढलं गेल्याचा मान हवा असतो.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची, म्हणजे स्टॅटिनची गोष्ट मात्र या सगळ्यात वेगळी आहे आणि मला ती फार आवडते. या गोळ्यांनी अंग दुखतं, स्नायू जातात, असं इंटरनेटवर इतकं आहे की गोळी सुरू करायच्या आधीच माणूस आपले पाय चाचपायला लागतो. डेन्मार्कमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की स्टॅटिनविरुद्धच्या बातम्या आल्या की लोकांचं गोळ्या लवकर सोडण्याचं प्रमाण वाढतं. आता दुखण्याची तक्रार घेऊन आलेल्याला डॉक्टर काय म्हणतात? "या गोळीने एवढं दुखत नाही. तुमच्या मनाचे खेळ आहेत." झालं. पडद्यावरच्या माणसाने आधीच सांगून ठेवलेलं वाक्य, शब्दशः.

लंडनमधल्या संशोधकांनी वेगळं काहीतरी केलं. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले 60 जण घेतले. त्यांना बारा बाटल्या दिल्या: चार स्टॅटिनच्या, चार दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्यांच्या, चार रिकाम्या. दर महिन्याला एक, कुठली कधी हे आधी न ठरवता. रोज किती त्रास झाला त्याचा आकडा फोनवर नोंदवायचा. सॅमसन या नावाच्या या चाचणीचा निकाल 2020 मध्ये आला. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रास कमी होता, गोळीच्या महिन्यांत खरोखर जास्त होता. पण औषध असलेल्या गोळीने जेवढा त्रास वाढला त्यातला 90 टक्के औषध नसलेल्या गोळीनेही वाढला होता. दुखणं खोटं नव्हतं. ते गोळी घेण्याने येत होतं, गोळीतल्या औषधाने फारसं नाही. मग प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आलेख दाखवला. सहा महिन्यांनी 60 पैकी 30 जणांनी गोळ्या पुन्हा सुरू केलेल्या होत्या.

इथे कुणी कुणाला मूर्ख म्हटलं नाही. तुमचं दुखतंय हे आधी मान्य केलं, मग ते मोजायचं काम तुमच्याकडेच दिलं, आणि उत्तर तुमच्याच आकड्यांतून काढलं. अर्थात प्रत्येक रुग्णासाठी बारा बाटल्यांची चाचणी कोण करणार, हा ताईचा प्रश्न रास्त आहे.

तिच्या बाजूचंही सांगायला हवं, कारण या खोट्याने तीही बदललीय. पूर्वी प्रश्न विचारणारा रुग्ण आला की तिला बरं वाटायचं. आता कागदांची चळत किंवा फोनमधले स्क्रीनशॉट दिसले की तिचे खांदे आवळतात, हे मी तिच्याच तोंडून ऐकलंय. दिवसात चार जणांनी एकाच व्हिडिओवरून तिची उलटतपासणी केली की पाचव्याच्या साध्या शंकेला उत्तर तुसडं येतं. तो पाचवा अभ्यासूही असू शकतो. लहानपणापासूनचा मधुमेह असलेल्या काही जणांनी आणि त्यांच्या घरच्यांनी 2013 च्या सुमारास इंटरनेटवर एकत्र येऊन, 'आम्ही थांबणार नाही' अशी हाक देत, साखर मोजणारं यंत्र आणि इन्शुलिनचा पंप एकमेकांना जोडायची जुळणी स्वतःच केली. कंपन्यांची तशी यंत्रणा बाजारात यायच्या आधी. डॅना लुईस ही त्यांतली एक, स्वतः रुग्ण. ती कुठल्या डॉक्टरपुढे आपला आलेख घेऊन बसली असेल आणि त्याने "इंटरनेटवरचं आम्हाला सांगू नका" म्हटलं असेल, तर शिकायची संधी कुणाची गेली? खोट्या माहितीने खऱ्या माहितीवाल्या रुग्णाचीही पत घालवलीय, आणि याची भरपाई कुणी मागत नाही.

कधीकधी वाद मिटवायला ताईसारखे डॉक्टर गरज नसलेली तपासणी लिहून देतात. डोकं दुखतंय, इंटरनेटवर मेंदूची गाठ वाचलीय, समजावून पटत नाहीये, बाहेर रांग आहे. घ्या स्कॅन. रुग्ण खूश. पण त्याने मनात नोंद केलेली असते की अडून बसलो म्हणून मिळालं, नाहीतर यांनी सोडून दिलं असतं.

नर्सचं मला विशेष वाटतं. डॉक्टरपासून लपवलेलं पुष्कळदा तिच्यापाशी बोललं जातं. ती सुई लावताना, ड्रेसिंग करताना हळूच: "सिस्टर, त्यांना सांगू नका हं, मी ते दुसरंही घेतोय." आता तिने काय करायचं? सांगितलं तर रुग्णाचा तिच्यावरचा विश्वास गेला, नाही सांगितलं तर त्याचा जीव धोक्यात. एका अनुभवी सिस्टरने मला तिची रीत सांगितली. ती म्हणते, "मी सांगणार नाही, तुम्हीच सांगा. मी तिथे उभी राहते." बहुतेक सांगतात म्हणाली. डॉक्टरांच्या आरडाओरड्यात आपल्या बाजूला कुणीतरी उभं आहे एवढं त्यांना पुरतं.

संवादकौशल्याच्या प्रशिक्षणात आता शिकवतात की आधी रुग्णाला काय ठाऊक आहे ते विचारा, मग परवानगी घेऊन आपलं सांगा, मग त्याला काय वाटलं ते पुन्हा विचारा. दारूचं व्यसन सोडवण्यासाठी विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेल्या पद्धतीतून हे आलंय, आणि ते चांगलं आहे. पण परवानगी मागण्याचं नाटक रुग्णाला लगेच कळतं. ज्याला खरंच जाणून घ्यायचं नाही त्याने विचारूच नये, असं माझं मत. आणि गोड संबंध राखणं हेच अंतिम ध्येय मानलं तर त्यातही धोका आहे. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी, बरा होण्याजोगा कर्करोग असताना फक्त पर्यायी उपचार निवडलेले 281 रुग्ण आणि नेहमीचे उपचार घेतलेले रुग्ण यांची तुलना 2018 मध्ये प्रसिद्ध केली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीचपट होता, स्तनाच्या कर्करोगात पाचपटीहून अधिक. इथे "तुमच्या मताचा आदर आहे" म्हणून हसून निरोप देणारा डॉक्टर मला चिडणाऱ्यापेक्षा वाईट वाटतो.

ताईकडे अशी एक बाई आली होती. गाठ लहान, निदान लवकर झालेलं, आणि शस्त्रक्रिया करायची नाही हे ठरवून आलेली. गाठीला सुरी लागली की कर्करोग अंगभर पसरतो, असं तिने ऐकलं होतं. ताई तासभर बोलली. सरळ सांगितलं की, तुम्ही चुकीचा निर्णय घेताय आणि याने जीव जाऊ शकतो. बाई उठली. तेव्हा ताई म्हणाली, "जा तुम्ही. पण सहा आठवड्यांनी मला गाठ मोजू द्या. दुसरं काही नाही, नुसती मोजेन. ओरडणार नाही." सहा आठवड्यांनी ती आली. गाठ वाढलेली होती. ताईने शब्द पाळला, नुसता आकडा सांगितला आणि मागच्या आकड्याशेजारी लिहिला. बाई म्हणाली, "तारीख कधीची मिळेल?"

सगळ्याच परत येतात असं नाही. ताई न आलेल्यांची नावं विसरत नाही, पण त्यांच्याबद्दल बोलतही नाही.

या बाईनंतर तिने आपला जुना प्रश्न मात्र बदलला. "गोळ्या चालू आहेत ना?" ऐवजी ती विचारते, "आठवड्यातून किती वेळा चुकते?" जणू चुकणं गृहीतच आहे. मग, "माझ्याशिवाय आणखी कुणाचं काय घेताय? व्हिटॅमिनसुद्धा सांगा." आणि शेवटी, "याबद्दल काय काय वाचलंत? मला दाखवा." लोक आधी चपापतात, मग फोन काढतात. ती तो व्हिडिओ त्यांच्याबरोबर थोडा बघते, विक्रीची लिंक कुठे आहे ते बोटाने दाखवते. काही वेळा त्यात तिला न पटणारं पण नवीन काहीतरी निघतं आणि ती ते टिपून ठेवते. बीपीच्या तीन जणांची तिसरी गोळी तिने या प्रश्नांनंतर बंद केलीय, कारण त्यांनी पहिलीच सुरू केलेली नव्हती.

या सगळ्याला वेळ लागतो. तिची ओपीडी हल्ली रोज उशिरा संपते, आणि बाहेर खोळंबलेली माणसं कंटाळून फोन उघडून बसतात आणि डॉक्टरांना वेळेची काही किंमतच नाही म्हणून तिच्या नावाने बोटं मोडतात.